टेबलाखालचं बोट

माझ्या नवऱ्याला गेली चार वर्षं कशाचीही चव लागत नाही. शहरातल्या सगळ्यात जास्त खपाच्या वर्तमानपत्रात दर रविवारी हॉटेलांवर लिहिणारा माणूस तो हाच. वाचक त्याला लाडानं ‘सोनजीभ’ म्हणतात. आधी मला त्याचं हसू यायचं. पुढे पुढे तेही येईनासं झालं.

चार वर्षांपूर्वी त्याला दहा दिवस ताप आला. ताप उतरला त्या सकाळी त्यानं चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, “साखर विसरलीस.” साखर चांगली दोन चमचे होती. मग त्यानं लिंबू चोखून पाहिलं, कच्चा कांदा चावून पाहिला, कॉफीची पूड नुसतीच तोंडात टाकली आणि ओट्याला टेकून लहान मुलासारखा रडला. वास आणि चव दोन्ही गेलीत, परत येतील किंवा येणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. एवढं सांगायला डॉक्टर कशाला हवा होता?

सदर बंद कर, असं मी त्याला सांगून पाहिलं. पण त्याला दुसरं काही येत नाही. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, आहे ते सांगते. बावीस वर्षं तो खात आणि लिहीत आला होता. ते काढून घेतलं असतं तर घरात नुसता पायजमा उरला असता. म्हणून मग आम्ही ती युक्ती काढली.

हॉटेलात मी त्याच्या डाव्या हाताला बसायचं. पहिला घास मी घ्यायचा. टेबलाखाली माझं बोट त्याच्या गुडघ्यावर असायचं. एकदा टकटक केलं की ‘बरं आहे’. दोनदा म्हणजे ‘चांगलं’. तीनदा म्हणजे ‘उत्तम’. चिमटा म्हणजे ‘वाईट’. मालक लोक दारात उभे राहून त्याचा चेहरा वाचत असतात, तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी लगेच उमटणं भाग होतं. बाकीचं घरी. आंबट कशामुळे होतं, तळण कुठल्या तेलातलं होतं, मागाहून जिभेवर काय राहिलं, हे मी सांगायची आणि तो टाइप करायचा. शब्द त्याचे, आणि शब्द त्याला छानच सुचतात. जीभ माझी. नाव अर्थातच त्याचं.

अशी आम्ही दीडेकशे हॉटेलं पालथी घातली. धुराच्या भट्टीतला पिझ्झा खाल्ला, कोळशावरचे मासे खाल्ले, एका तळघरात हातानं ओढलेल्या नूडल्स खाल्ल्या. त्या नूडल्सवाल्याचं मला फार वाईट वाटतं. मी तीनदा टकटक केलं, यानं भरभरून लिहिलं आणि पुढच्या रविवारी तिथे कोपऱ्यापर्यंत रांग गेली. मालकानं शेजारचा गाळा घेतला, चार आचारी ठेवले आणि सहा महिन्यांत त्या नूडल्स रबर झाल्या. आता तो स्वतः गल्ल्यावर बसतो आणि पीठ कुणीतरी भलताच मळतो. तेव्हापासून मला आमच्या कौतुकाची धास्तीच बसली होती.

मी स्वतः चष्म्याच्या दुकानात काम करते. नाकावर फ्रेम बसवायची, काड्या वाकवायच्या, म्हाताऱ्यांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावायचा. बुधवारी आमचं दुकान अर्धा दिवस असतं. एका बुधवारी, दुकान बंद करता करता, एक साठीच्या बाई वाचायचा चष्मा करायला आल्या. हाताला ओल्या मिरचीचा वास येत होता. “अक्षरं दिसली नाहीत तरी चालेल, पोरी,” त्या म्हणाल्या, “मिरचीचं देठ दिसलं पाहिजे.” पंचेचाळिशीच्या बाईला पोरी म्हणणारं माणूस मला आवडतं. चष्मा तयार झाला तेव्हा पत्ता विचारून मी तो पोचवायला गेले आणि तिथेच जेवले.

चावीवाला आणि कपडे ड्रायक्लीन करणारा यांच्यामध्ये दबलेलं अकरा टेबलांचं थाई हॉटेल. आत त्या चष्म्यावाल्या मावशी, बाहेर वाढायला त्यांची भावजय. तिसरं कुणी नाही. मावशींनी तरुणपणी त्या देशात बारा वर्षं एका म्हाताऱ्या स्वयंपाकिणीच्या हाताखाली काढली होती. म्हातारीनं मरताना आपला दगडी खल त्यांना दिला. तो त्यांनी विमानात मांडीवर धरून आणला. सामानात टाका म्हणणाऱ्या माणसाशी भांडून आणला, हे भावजय प्रत्येक गिऱ्हाइकाला रंगवून सांगायची.

मावशी रोज पहाटे त्या खलात वाटण कुटायच्या. हिरवी मिरची, गवती चहा, लसूण, आल्याच्या जातीचं एक मूळ, सगळं हातानं. यंत्राला हात लावायच्या नाहीत. आणि वाटण जिभेला लागेपर्यंत पोटात पाण्याचा थेंबही जाऊ द्यायच्या नाहीत. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ तो मऊ उंचवटा असतो ना, तिथे थेंब घ्यायचा, डोळे मिटायचे आणि चाटायचा. खारट, आंबट, गोड, तिखट, याच क्रमानं शोधायचं. म्हातारीची शिकवण होती ती. दिवसभर कढईपाशी उभ्या राहून त्या मनगट चाटत असायच्या. त्यांचा तो उंचवटा कायमचा पिवळट झाला होता.

दोन वर्षं मी दर बुधवारी तिथे जेवले. खिडकीजवळचं टेबल, तोम यमचं सूप, नाहीतर हिरवी करी आणि भात. तिथे मला कुणाच्या गुडघ्यावर काही वाजवायचं नसायचं. घास तोंडात घ्यायचा आणि गिळायचा, बस. ते जेवण उत्तम होतं. दीडशे हॉटेलांत त्याच्या जवळपास जाणारं काही मी खाल्लं नव्हतं. घरी मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. माझ्या जिभेचं माझ्याकडे उरलेलं तेवढंच होतं.

टेबलं अर्धी रिकामी असायची. मावशी म्हणायच्या, “जागेचा करार संपत आलाय गं. चार माणसं जास्त आली तर मालक अजून पाच वर्षं देईल.” मी मान हलवायची. मनात म्हणायची, रिकामी आहेत म्हणून तर खिडकी मला मिळते. हे मी लपवणार नाही. लपवण्यासारखं पुढे बरंच आहे.

मग एक दिवस नवरा ऑफिसातून तोंड पाडून आला. संपादकानं त्याला बोलावून घेतलं होतं. “तुमचं लेखन अळणी झालंय. सगळंच छान, सगळंच सुरेख. लोकांना रक्त लागतं. दोन महिने बघतो, नाहीतर जागा दुसऱ्याला,” असं त्यानं सुनावलं होतं. आणि जाता जाता एक कात्रण हातात दिलं होतं. कुणा वाचकानं पत्र पाठवलं होतं, चावीवाल्याशेजारचं थाई हॉटेल सोनजीभ कधी खाणार?

“तुझ्या दुकानाजवळच आहे की ते,” नवरा म्हणाला. “कधी गेली नाहीस?”

“नाही,” मी म्हटलं. पुढच्या सगळ्याची सुरुवात इथून झाली.

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. भावजयीनं मला पाहिलं, शेजारी पेपरातल्या फोटोतला हा पाहिला आणि यानं कोट काढायच्या आत ती आत पळाली. मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. “म्हणजे हे तुझे मालक? दोन वर्षं पोटात ठेवलंस!” त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला तो बघवेना. नवऱ्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. दोन वर्षं म्हणजे काय ते त्याला कळलं होतं.

सूप आलं. मी चमचा तोंडात घातला. त्या दिवशी त्यांनी जीव ओतला होता. आंबटपणा जिभेच्या कडेला लागून लगेच सरत होता, मागून गवती चहा, त्याच्या मागून तिखट, आणि शेवटी कुठूनतरी ताडगुळाची एक अगदी बारीक गोडी. माझे डोळे भरून आले. तीनदा बोट वाजवायचं होतं. तीनदा काय, दहादा वाजवायचं होतं.

माझ्या डोळ्यांपुढे नूडल्सची रांग आली. शेजारचा गाळा, चार आचारी, गल्ल्यावर बसलेल्या मावशी आल्या. आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधी, खिडकीजवळच्या माझ्या टेबलावर बसलेलं कुणीतरी भलतंच माणूस आलं. तोंडात घास घेऊन फोटो काढणारं.

मी एकदा टकटक केलं. ‘बरं आहे.’ करीलाही एकदा. भातालाही एकदा.

माझा हिशेब साधा होता. बरं आहे म्हटलं की तो चार ओळी लिहील, रविवारची दुपार होईपर्यंत लोक विसरतील, चार-दोन जास्त गिऱ्हाइकं येतील, मावशींचं काम होईल आणि माझं टेबल राहील. घरी त्यानं विचारलं तेव्हाही मी म्हटलं, “ठीक होतं. विशेष काही नाही.”

“कशासारखं?”

“ठीक म्हणजे ठीक. प्रत्येक गोष्ट कशासारखी तरी असते का?”

तो माझ्यावर चिडला होता, मी त्याच्यावर. दोन वर्षं लपवलंस म्हणून तो, आणि माझं एवढं एकही ठेवलं नाहीस म्हणून मी. मी झोपायच्या खोलीत निघून गेले. त्याला तसाच टाइप करत सोडला. चार वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी सकाळी मी पेपर उघडला. मथळाच होता, ‘गरम पाण्यात गवत’. सूप म्हणजे ज्यात काहीतरी उकळून काढून टाकलंय असं पाणी. करी म्हणजे हिरवा रंग आणि जिभेवर आग, त्यापलीकडे शून्य. भात म्हणजे ओला कागद. घास चावत राहिलो, पण तोंडात कुणी आलंच नाही. ही आचारीण स्वतः चाखते तरी का? सगळं अशाच धारदार भाषेत.

मला कळलं, हे त्यानं कल्पनेनं लिहिलेलं नाही. त्याला खरंच तसं लागलं होतं. त्याला रोजच तसं लागतं, सकाळचा चहासुद्धा. माझं वर्णन नव्हतं म्हणून त्यानं पहिल्यांदा स्वतःच्या जिभेनं लिहिलं, आणि ती जीभ मेलेली होती.

“अरे, हे काय केलंस?” मी ओरडले.

“तूच म्हणालीस ना, विशेष काही नाही?” तो म्हणाला. “संपादकाचा फोन आला होता. खूश आहे.”

वाचकही खूश झाले. पत्रांचा पाऊस पडला. लोक एकमेकांना ‘गरम पाण्यात गवत’ ऐकवून हसत होते. सदर टिकलं.

मी दोन बुधवार गेले नाही. तिसऱ्या बुधवारी गेले. अकरापैकी एकाही टेबलावर माणूस नव्हतं. भावजयीनं ताट ठेवलं आणि माझ्याशी न बोलता निघून गेली. मावशी स्वतः बाहेर आल्या, समोरची खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी चिडावं, दोन शिव्या द्याव्यात, अशी मी वाट बघत होते. त्यांनी माझ्या दुकानातून मिळालेलं चष्म्याचं लाल डबडं काढलं, चष्मा घातला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

“तुझ्या नवऱ्यावर माझा राग नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांचं ते काम आहे. सगळं शहर त्यांच्या जिभेवर चालतं, ते उगाच कशाला लिहितील? पण मला कळत नाहीये गं. मी त्या दिवशी चाखलं होतं. मला सगळं लागलं होतं. मग त्यांना का नाही लागलं?” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “वय झालं की जीभ जाते म्हणतात. माणसाला स्वतःला कळत नाही. तू दोन वर्षं खाते आहेस. मला खरं सांग. माझी जीभ गेली का?”

उत्तर दोन शब्दांचं होतं. ‘त्याची गेलीय.’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मग मावशींनी ते भावजयीला सांगितलं असतं, भावजयीनं शहराला, आणि संध्याकाळपर्यंत सोनजीभ म्हणजे गावभर हसण्याचा विषय झाला असता. ओट्याला टेकून रडणारा तो माणूस मला दिसला. माझंही पितळ त्यात उघडं पडणार होतं, हेही दिसलं.

“थोडं... हल्ली थोडं कमी लागतं,” मी म्हणाले. “पूर्वीसारखं नाही.”

मावशींनी मान डोलावली. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. चष्मा काढून डब्यात ठेवला. “बरं झालं सांगितलंस,” म्हणाल्या. “आपलं माणूस सांगतं तेव्हाच खरं कळतं.”

त्यानंतरचं जेवण मला जेववेना. त्या स्वतःवर विश्वास ठेवेनाशा झाल्या होत्या. जीभ कमी दाखवते म्हणून मीठ वाढवायचं, मग आंबट वाढवायचं, मग ते मारायला गूळ. मनगटावर थेंब घ्यायच्या, चाटायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. दीड महिन्यात तिथलं सूप खरोखरच वाईट झालं. नवऱ्यानं लिहिलेलं आम्ही सगळ्यांनी मिळून खरं करून दाखवलं.

करार संपला. मालकानं नवा केला नाही. कढया, खुर्च्या, फ्रीज विकायला काढला तेव्हा मी मदतीला गेले होते. भंगारवाल्यानं खलाला हात लावला तशा मावशी ओरडल्या, “तो नाही!” मग ओशाळून मला म्हणाल्या, “राहू दे एक. पलंगाखाली ठेवीन. कधी जीभ परत आली तर लागेल.”

यालाही आता आठ महिने झाले. गेल्या शनिवारी नवरा म्हणाला, नव्या मॉलमध्ये वरच्या मजल्यावर एक थाई साखळी-हॉटेल उघडलं आहे, जाऊन यायचंय. पंचवीस शहरांत शाखा, सगळीकडे अगदी एकच चव. मी त्याच्या डाव्या हाताला बसले. काचेच्या पलीकडे स्वयंपाकघर दिसत होतं. टोप्या आणि पातळ हातमोजे घातलेल्या पाच बायका. मधली पाठमोरी होती, पण मी तिला पाठीवरून ओळखलं.

मावशींनी चष्मा घातला होता. पाकीट डोळ्यांसमोर धरून त्यावरचे ग्रॅम वाचले, कात्रीनं कोपरा कापला, हिरवं वाटण कढईत पिळलं, वरून मापाचं नारळाचं दूध ओतलं. चाखलं नाही. हातमोजा असताना मनगटावर थेंब घेऊन चाटायचं कसं? घड्याळ वाजलं, त्यांनी कढई उतरवली.

करी आली. मी घास घेतला. मीठ, साखर आणि डब्यातला वास. चिमटा काढण्याच्या लायकीची होती. टेबलाखाली नवऱ्याचा गुडघा माझ्या बोटाची वाट बघत होता. काचेपलीकडून मावशींनी आम्हाला पाहिलं होतं. त्या जागच्या जागी थिजल्या होत्या, हातात दुसरं पाकीट.

मावशींची ही नोकरी तरी मी घालवणार नाही, मी ठरवलं. एकदा तरी त्यांच्या ताटाला न्याय द्यायचा. आणि मी तीनदा टकटक केलं. सूप आलं, त्यालाही तीनदा.

नवऱ्याचा चेहरा फुलला. मॅनेजर धावत आला तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “अप्रतिम! कुणी केलंय हे?” मॅनेजरनं मावशींना बाहेर बोलावलं. त्या हातमोजे न काढता आल्या. नवऱ्यानं त्यांना ओळखलं, क्षणभर गोंधळला, मग मोठ्या मनानं म्हणाला, “मागच्या वेळी मला तुमच्याबद्दल वाईट लिहावं लागलं होतं. पण आज तुम्ही जिंकलंत. याला म्हणतात थाई जेवण.”

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

“तुलाही आवडलं?” त्यांनी विचारलं. “तू खोटं बोलणार नाहीस.”

टेबलाखाली नवऱ्यानं माझा हात धरला.

“हो,” मी म्हणाले.

“म्हणजे माझी जीभ म्हातारपणी गेली नाही,” मावशी सावकाश म्हणाल्या. “ती कधी नव्हतीच. बारा वर्षं शिकले, वीस वर्षं कुटत बसले, आणि बरोबर होतं ते हे. पाकिटातलं.” मग त्या हसल्या, अगदी मनापासून, डोक्यावरचं ओझं उतरल्यासारख्या. “बरं झालं बाई. तो खल पलंगाखाली उगाच जागा अडवतोय. उद्या देऊन टाकते भंगारात.”

मॅनेजरनं घड्याळाकडे पाहिलं तशा त्या आत गेल्या आणि चष्मा नीट करून पुढचं पाकीट वाचू लागल्या. नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “छान झालं ना? आता घरी गेल्यावर सांग, नेमकी चव कशी होती.”